तित्तिरीची शीळ

पक्षी बोलायचा महिना, म्हणजे पाखरांचा अंड्यांवर बसायचा काळ, लागला की आमच्या डोंगरातल्या लिसू जमातीच्या वाडीत कुणी पाखराला शीळ घालून बोलवायचं नाही. नियम केला कुणी? आकेने, भर सभेत, मक्याच्या दारूचा पेला हातात धरून. शिकारीच्या काळात पिल्लाचं रडं हुबेहूब काढून तित्तिरीला फासात ओढणारा सगळ्यात बिलंदर गडी तोच. त्याच्याच तोंडी तो नियम शोभला.

आता फास गेले. पाणवठ्यालगत आकेचा हिरव्या कापडाचा आडोसा, आत शहरातले फोटोवाले, बाहेर टाकलेले मक्याचे दाणे. काल शांघायचे थांगसाहेब हळूच म्हणाले, “आकेदादा, ती शीळ अजून येते का हो? शेजारच्या आडोशातला आपू म्हणतो, म्हातारा विसरला.”

आपू असं म्हणतो? आकेच्या ओठांचा आपसूक चंबू झाला, शीळ निघाली. तित्तिरी धावत आली. साहेबांचं मन भरेना. पुन्हा शीळ, पुन्हा धाव. सगळी सकाळ तशीच गेली.

संध्याकाळी त्याने नेच्यांखाली डोकावलं. ती शिळेमागे धावत होती तेवढ्यात कावळ्यांनी घरटं लुटलं होतं. दोनच अंडी उरलेली, आणि तित्तिरी त्यांच्यावर अंग चोरून बसलेली.

“जेवत का नाही?” बायको आचाने विचारलं. “कुणाचं पाप पोटात गेलंय?” बिचारी थट्टा करत होती. आकेने ताट बाजूला सारलं.

आज सकाळी साहेब पुन्हा हजर. आकेने भाजलेल्या मक्याचं कोरडं पीठ मूठभर तोंडात कोंबलं. मग शीळ निघायची सोयच नाही.

“होऊ द्या एक,” साहेब म्हणाले. आकेने गालाला हात लावला.

“दाढ दुखतेय?”

चहा घेऊन आलेला आपू हसला. “याला दाढा उरल्यात कुठे?”

“राहू द्या,” साहेब म्हणाले. “काल मी फोनवर रेकॉर्ड केलीय.”

फोनमधून आकेच्या शिळेतलं पिल्लू रडू लागलं. नेचे हलले, तित्तिरी बाहेर आली.

आकेने फोनवर झडप घातली. “बंद करा.” पीठ तिघांच्या अंगावर उडालं. “अंड्यांवर बसलीय ती. निम्मी काल माझ्यापायीच गेली.”

आपूचा हात थांबला. “म्हणजे शीळ तू घातलीस? या महिन्यात?”

“मीच.”

दंड सगळ्यांना पाठ होता: महिनाभर आडोसा बंद. आकेने स्वतःच कापडाच्या गाठी सोडायला घेतल्या. एरवी अशी बातमी वाडीभर पोचवल्याशिवाय आपूला चहा गोड लागत नाही. आज त्याने कापडाचं दुसरं टोक धरलं.

“तोंड पूस आधी,” तो म्हणाला. “वहिनींना वाटेल, चोरून खाल्लंस.”

आकेचं लक्ष नव्हतं. तित्तिरी पाणवठ्यापाशी मान उंचावून उभी होती, नसलेल्या पिल्लाला शोधत. तो श्वास रोखून तिच्या पायांकडे बघत राहिला. अखेर एक पाऊल नेच्यांकडे वळलं.