हा जॉर्जिया अमेरिकेतला नव्हे!

सीझन संपवून घरी आले की चिंचवडच्या जुन्या कोर्टवरची आमची गँग मला टपरीवर घेरते. "सायले, काढ किस्से!" मग एकातून दुसरा निघतो, चहा गार होतो आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? यातला एकही किस्सा घडत असताना मला हसू आलेलं नाही.

मी बास्केटबॉलमधली पॉइंट गार्ड. म्हणजे टीममधली सगळ्यात बुटकी, बॉल घेऊन पुढं येणारी आणि उंच उंच पोरींना "तू इकडं जा, तू तिकडं थांब" असं ओरडून सांगणारी. आमच्या चाकणच्या घरात हे काम आई करते, त्यामुळे ट्रेनिंग लहानपणापासूनचं! फरक एवढाच, की आईला कुणी काढून टाकत नाही. माझ्या क्लबात परदेशी खेळाडूची जागा एकच. लागोपाठ मॅच खराब गेल्या, की परतीचं तिकीट.

*

पहिलं कॉन्ट्रॅक्ट जॉर्जियाचं. काकांनी अख्ख्या गावात सांगितलं, "पोरगी अमेरिकेला चालली!"

मी नकाशा दाखवला. "काका, हा वेगळा जॉर्जिया. रशियाच्या खालचा."

काका म्हणाले, "आसू दे. गावात आता सांगून झालंय!"

एअरपोर्टवर एक धिप्पाड माणूस माझ्या नावाची वाट लावलेली पाटी घेऊन उभा. चेहऱ्यावर हसू नाही, तोंडातून शब्द नाही. गाडी शहराबाहेर पडली आणि डोंगरात शिरली. मी घाबरून आईला मेसेज केला. आईचं उत्तर, "गाडीचा नंबर पाठव." पाठवला. "आता मानसाचा फोटो पाठव."

मी मोबाइल हळूच गुडघ्यावरून वर केला, बटण दाबलं... आणि फ्लॅश पडला!

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून निघालं, "भैया, जरा हळू चालवा ना!" त्यानं गाडीच थांबवली. उतरला, एका घरात गेला. मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले. तो गरम पावाची लादी घेऊन आला, अर्धी तोडून मला दिली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तोच माणूस आला आणि सगळी टीम उठून उभी राहिली. क्लबचा प्रेसिडेंट! ड्रायव्हर आला नाही म्हणून स्वतः आलेला. त्यानं मोबाइलवरच्या ट्रान्सलेटरमधून मला एकच प्रश्न विचारला, "भैया म्हणजे काय?"

"मोठा भाऊ," मी लिहिलं.

तेव्हापासून कोचसकट अख्खा क्लब त्याला भैया म्हणतो!

*

पप्पा चाकणला एका कंपनीत आहेत. सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या ब्रेकला कँटीनमध्ये पाण्याच्या जगला मोबाइल टेकवून ते माझी मॅच लावायचे. आजूबाजूला त्यांच्या लाइनवरची सगळी मंडळी.

एकदा मी बास्केटकडं घुसले, समोरच्या दांडगीला धडकले आणि सपाट पडले. नेमका त्याच क्षणी व्हिडिओ हँग झाला! स्क्रीनवर मी जमिनीवर पडलेली, पाय वाकडा, डोळे मिटलेले. पप्पांनी मोबाइल हलवला. कुणीतरी नेट बंद करून चालू केलं. मी तशीच पडलेली.

"पोरगी हालंना राव," एकजण हळूच म्हणाला.

ब्रेक संपला तरी कुणी उठेना. सुपरवायझर ओरडायला आला, त्यानं स्क्रीन बघितली आणि तोही खुर्ची ओढून बसला.

इकडं मी केव्हाच उठून फ्री थ्रो मारले होते! मॅच संपल्यावर बघते तर पप्पांच्या मिस्ड कॉलची ही रांग. घाबरून फोन लावला. मागं मशिनचा आवाज.

"पप्पा? काय झालं?"

ते म्हणाले, "उठलीस व्हय?"

*

त्या सीझनच्या शेवटी गुडघा खरोखरच गेला. ऑपरेशन झालं आणि मी घरी येऊन बसले. रोज ताथवड्याला फिजिओकडं जायचं आणि उरलेला वेळ एजंटच्या फोनची वाट बघायची. क्लबला शंका होती, ही परत पळेल का? फोन येईना तशी मी नखं खाऊन संपवली. आईनं त्यावर उपाय म्हणून स्थळ आणलं!

मी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि फोन वाजला. एजंटचा व्हिडिओ कॉल! क्लबचा डॉक्टर लाइनवर आहे, गुडघा आत्ता दाखव, नाहीतर ते संध्याकाळी दुसरीला साइन करतायत.

मी ट्रे ठेवला. पाहुण्यांना म्हटलं, "सॉरी हां," पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि भर हॉलमध्ये बैठका मारायला लागले! मग एका पायावर उड्या. पप्पांनी मोबाइल धरलेला. आईनं डोळे मिटून घेतलेले. मुलाचा पोहे धरलेला चमचा तसाच हवेत.

डॉक्टर म्हणाला, "ओके. गुड."

मी धापा टाकत खाली बसले. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आम्ही तिघं खाली बघत बसलो.

मुलाची आई पुढं सरकून म्हणाली, "फोन ठेवू नका हो! आमच्या ह्यांचाही गुडघा दुखतो. तेवढं विचारता का?"

*

परत गेले. थंडीत सर्दीनं बेजार, म्हणून आईनं बांधून दिलेल्या पावडरचा काढा घेत होते. आणि नेमकी मॅचनंतर डोपिंग टेस्टला माझं नाव! गेल्या काही दिवसांत काय काय घेतलं ते सांगायचं असतं. मी सांगितलं, "आईची पावडर."

ऑफिसरबाई पेन उचलून म्हणाल्या, "त्यात काय आहे?"

मला काय ठाऊक! डोपिंगमध्ये अडकले तर करिअरच खलास. त्यांच्या परवानगीनं आईला फोन लावला, स्पीकरवर.

"सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, हळद," आई म्हणाली. मी एकेक इंग्लिशमध्ये सांगत गेले. "आनि आजून एक हाय. पन ते न्हाई सांगायची."

"आई!"

"आगं, सासूबाईंनी मला शपथ घालून सांगितलंय. परक्या बाईला कसं सांगू?"

"आई, मला खेळातून काढतील गं!" मी रडकुंडीला आले.

आई कुजबुजली, "त्या बाईला म्हनावं, जाऊबाईंना सांगू नको. बडीशेप!"

*

आणि हा शेवटचा. सीझनची शेवटची मॅच. हरलो तर टीम खालच्या लीगमध्ये, आणि तिथं परदेशी खेळाडू चालत नाही. दुसरी ऑफर हातात नव्हती. आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

अगदी शेवटी आम्ही एका पॉइंटनं मागं आणि बॉल आमच्याकडं. कोच दावितनं टाइम-आउट घेतला. त्याचं इंग्लिश म्हणजे "गुड", "नो गुड" आणि "व्हाय?". मला इंग्लिशमध्ये समजावून सांगायची ती फक्त तमारा, आमची कॅप्टन. आणि ती नेमकी डोकं फुटून ड्रेसिंग रूममध्ये टाके घालून घेत होती!

कोच जॉर्जियनमध्ये बोलायला लागला. हळू आवाजात, एकेकीच्या डोळ्यांत बघत. पोरी माना हलवत होत्या. मला एक अक्षर कळेना. विचारायचं कुणाला? शिट्टी झाली. मीही मान हलवली आणि कोर्टवर गेले.

बॉल माझ्याच हातात आला. कोचनं कुठली चाल सांगितलीय? कोण कुठं पळणार? बाकीच्या चौघी माझ्याकडंच बघतायत. मी सरळ आत घुसले. दोघी माझ्या अंगावर आल्या, तेवढ्यात कोपऱ्यात आमची एलेने एकटी दिसली. बॉल तिच्याकडं फेकला. तिनं मारला. आत! जिंकलो!

कोच मला मिठी मारून ढसाढसा रडला. मी मात्र गारठलेले. उद्या व्हिडिओ बघताना विचारेल, चाल सोडून भलतंच काय केलंस?

ड्रेसिंग रूममध्ये डोक्याला पट्टी बांधलेल्या तमाराला म्हटलं, "एलेनेला विचार ना, टाइम-आउटमध्ये कोचनं कुठली चाल सांगितली होती?"

तिनं विचारलं. एलेने काहीतरी म्हणाली. तमारा माझ्याकडं वळली.

"तो म्हणाला, मला काहीच सुचत नाहीये. बॉल सायलीकडं द्या. आणि तिला हे कळू देऊ नका, घाबरेल."