वहिनींची मुंबई

एका दिवसात मुंबई दाखवण्याचा माझा क्रम ठरलेला आहे: आधी संग्रहालय, मग समुद्र, शेवटी बाजार. थोरल्या भावाच्या पश्चात वहिनी कोकणातून प्रथमच आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, समुद्र आमच्या दारात आहे. हे रोज जेवायचे ती खानावळ दाखवा."

भावाने हयात या शहरात काढली. वहिनींनी ते कधी पाहिले नव्हते. खानावळीत भिंतीलगतचा त्याचा बाक मी दाखवला. तिथे बसून त्यांनी आमटी चाखली.

"अळणी! आणि घरी माझ्या आमटीला नावं ठेवायचे."

शहर कितीही मोठे असो, माणसाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. भावाच्या वाट्याला हा बाक आला होता.

"अजून आमटी?" वाढप्याने विचारले.

वहिनींनी वाटी पुढे केली.