सदूचा उजवा कान

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही ही एक गोष्ट वगळून बाकीचंच बोलतो — जणू त्याला कळणारच नाही! मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू? मलाही नीट उमगत नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल. नाहीतर मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. पेणजवळ गडब गावात, हायवेवर कुणालाही विचारा, दिनू फटकळ आहे म्हणून सांगतील. दुसऱ्याच्या गाडीतली चूक मला लांबून दिसते आणि ती तोंडावर सांगितल्याशिवाय मला चहा जात नाही. पण या एका जागी आलो की जीभ टाळ्याला चिकटते.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो मी. बॅटऱ्या, लाईट, सेल्फ — आणि प्रेशर हॉर्न. हो, त्याला बंदी आहे, माहीत आहे मला. लोक तरी लावतात, आणि आम्ही बसवून देतो. ती माझी कबुली नव्हे. तेवढंच असतं तर किती बरं झालं असतं!

दुकान दोघांचं होतं. मी आणि सदू. शाळेत एका बाकावर, मग पेणला आयटीआयमध्ये एका टेबलावर. वायरचा जोड मारावा तर सदूने. टेप अशी गुंडाळायचा की वाटावं कंपनीतूनच आलीय. माझं काम म्हणजे धावपळ, बडबड, गिऱ्हाईक पटवणं. हॉर्न बसवायची पद्धतही त्यानेच ठरवलेली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, म्हणजे करंटच बंद; ती लावायची सगळ्यात शेवटी. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि कॉम्प्रेसरला रिले — नाहीतर वायर तापून गाडी पेटते. एकही जोड उघडा ठेवायचा नाही. आणि वाजवून बघायच्या आधी भोंग्यांत फडकी कोंबायची, गाडीपुढे कुणी नाही ना ते पाहायचं, मग ओरडायचं — ‘बाजूला!’ मी हसायचो त्याला. ‘तू काय बाँब लावतोयस काय रे?’ म्हणायचो.

‘हसू नको, दिन्या,’ तो म्हणायचा. ‘हा आवाज जवळून कानात गेला ना, तर माणूस कामातून गेला.’

तर बघा — मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको.

त्या सुमारास डोलवीच्या बाजूला एका कंपनीत इलेक्ट्रिशियनची भरती निघाली. कॉन्ट्रॅक्टची नव्हे, कायमची. आम्ही दोघांनी अर्ज केले, दोघांनी परीक्षा दिली. बोलावणं आलं सदूला. मला नाही. आता तुम्ही विचाराल, वाईट वाटलं का? वाईट? माझ्या पोटात दुखलं! तोंडाने ‘अरे वा, पेढे कुठायत?’ म्हटलं, त्याची पाठ थोपटली, आणि आतून जळत राहिलो. तो गेला की दुकानात मी एकटा. लोक म्हणणार, हुशार होता तो गेला कंपनीत, आणि हा बसलाय पत्र्याखाली. हे कुणी म्हटलं नव्हतं अजून. मीच रोज म्हणून बघत होतो.

एके सकाळी रोह्याहून एक पिकअपवाला आला. दोन भोंग्यांचा हॉर्न बसवायचा होता. गाडी लावून तो समोर वडापाव खायला गेला. आम्ही कामाला लागलो. सदू खुशीत होता. काम करता करता सांगत होता — आता फक्त मेडिकल राहिलंय म्हणून. डोळे तपासतात, रक्त तपासतात, आणि कानाला मशीन लावून बारीक टीं टीं ऐकवतात, ऐकू आलं की हात वर करायचा. ‘शाळेत बाईंना उत्तर द्यावं तसा हात वर करणार बघ मी,’ म्हणाला, आणि पान्हा धरलेला हात खरंच वर केला.

मीही हसलो. हसलो आणि — थांबा जरा.

इथून पुढचं मी मनातल्या मनात शंभर तऱ्हांनी सांगितलंय. कधी म्हणतो, चुकून झालं. कधी म्हणतो, गंमत करायला गेलो. गॅरेजमध्ये असली गंमत चालते, कुणाच्या मागून फटाका वाजव, कुणाला करंट दे. त्या दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. पण झालं ते असं.

जोड सगळे मारून झाले होते. मी केबिनमध्ये होतो. खालचा भोंगा हलतोय म्हणून सदू पुढून जाळीत वाकला, नट आवळायला. ‘निगेटिव्ह लावू नको इतक्यात,’ म्हणाला. मी ती आधीच लावली होती. रिले टिकटिकतोय का ते बघायला, त्याला न विचारता, घाईने. माझी नेहमीची खोड. हे मी त्याला सांगायला हवं होतं. ‘लावलीय रे, बाहेर ये’ — एवढेच शब्द. मी काही बोललो नाही. काचेतून त्याची पाठ दिसत होती. डोकं भोंग्याला टेकलेलं. फडकी खाली पडलेली. आणि माझा अंगठा बटणावर.

दाबलं.

त्याला दचकवायचं असतं तर एकदा दाबून सोडता आलं असतं ना? ‘पॉ’ करून सोडून दिलं असतं, त्याने चार शिव्या घातल्या असत्या, आम्ही हसलो असतो. मी सोडलं नाही. धरून ठेवलं. त्याची पाठ उसळली, डोकं वरच्या पत्र्याला आपटलं, हात जाळीत अडकला — आणि मी धरून होतो. किती वेळ? मोजायला गेलो नाही. पण एक नक्की, त्या वेळात माझ्या मनात ते टीं टींचं मशीन येऊन गेलं. आलं, आणि तरी अंगठा उचलला नाही. दाबल्याचं मला काही वाटत नाही एवढं. धरून ठेवल्याचं वाटतं.

मग भानावर आलो. अंगठा उचलला. धावत पुढे गेलो, त्याला बाहेर ओढलं, बाकावर बसवलं. तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता, उजवा कान दाबून. मी काहीतरी बोलत होतो, तो माझ्या ओठांकडे बघत होता. तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर त्याने कानफटात मारली असती, आयुष्यभर बोलला नसता, पण — नाही, जाऊ दे. ‘असतं-नसतं’ नको.

मी काय केलं सांगू? पाणी आणतो म्हणून गाडीकडे गेलो. बटणाच्या वायरचा जोड होता, सदूने टेप मारलेला. तिचं टोक नखाने उचकटलं आणि ती टेप सोडवली. एवढी घट्ट मारली होती त्याने, सुटता सुटेना. पुन्हा वाजू नये म्हणून निगेटिव्ह काढली आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकवून ठेवली — त्या गाडीत ती पत्र्याला लागली की हॉर्न आपोआप वाजतो. टेप खिशात टाकली. मग पाणी घेऊन आलो.

पिकअपवाला धावत आला. काय झालं, काय झालं? मी म्हणालो, ‘जोड उघडा राहिला. निगेटिव्हही लावून बसला होता हा. मी ती काढली तेव्हा थांबला हॉर्न.’ सदूपुढे वायर धरली. त्याने उघड्या तारेवरून बोट फिरवलं.

‘मी टेप नाय मारली?’ म्हणाला. मोठ्याने बोलत होता, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यासारखा. ‘निगेटिव्ह मी लावली?’

‘तूच रे, मला नको म्हणालास त्याच्या आधीच. मी बघितलं ना.’

‘व्हय?’ तो म्हणाला. मग मान हलवली. ‘डोक्यात कंपनीच होती रे. लक्षच नव्हतं माझं.’

कारणसुद्धा त्यानेच दिलं मला. मी फक्त मान डोलावली.

पेणच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो त्याला. मोटरसायकलवर, मागे बसवून, खड्डे चुकवत. केवढी काळजी! उजव्या कानाची नस गेलीय, डॉक्टर म्हणाले, औषधाने येणार नाही. कंपनीच्या मेडिकलमध्ये डावीकडून टीं टीं झालं तेव्हा त्याने हात वर केला. उजवीकडून झालं तेव्हा नुसता बसून राहिला, मशीन बंद पडलंय समजून. हे त्यानेच मला सांगितलं, हसत हसत. नोकरी गेली. त्याची बायको, आमची वैनी, मला म्हणाली, ‘भावजी, तुम्ही व्हता म्हणून बरं झालं. यांना तर मेलं काय सुधरतच नव्हतं.’ तिच्या हातचा चहा मी प्यायलो. गिळला गेला तोही.

त्यानंतर सदूने वायरला हात लावणं सोडलं. मी म्हटलं, कर रे काम, होते चूक माणसाकडून. बघा माझं मोठं मन! तो म्हणाला, ‘नाय दिन्या, माझ्या हाताचा भरवसा नाय आता. आज माझा कान गेला, उद्या कुणाचा जीव जायचा.’ ज्या हातांनी कधी जोड उघडा ठेवला नाही, त्या हातांना तो भ्यायला लागला. कान मी घेतला होता त्याचा, ठीक — ठीक कसलं! — पण हातही घेतले. आता भात लावतो, भातानंतर वाल टाकतो, आणि दुपारी दुकानात येऊन बसतो. सवयीने. दुकान माझं झालं. माझं एकट्याचं.

आणि बसल्या बसल्या तो काय करतो माहितीय? नवीन कुणी काम शिकायला आलं, कुणी ड्रायव्हर हॉर्न बसवायला आला, की त्याला जवळ बोलावतो. उजवा कान पकडून दाखवतो. ‘ह्यो बघा, कंपनीने नापास केलेला कान. माझ्याच हातानं घालवलाय. जोड उघडा ठेवला, निगेटिव्ह आधी लावली. तुमी नका करू असं.’ लोक ऐकतात. मन लावून ऐकतात. स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगायला छाती लागते, म्हणतात. मी बाजूला उभा असतो, पक्कड पुसत. इतकी वर्षं माझी चूक तो कबूल करतोय, माझ्यादेखत.

गेल्या हिवाळ्यात रोह्याला टेम्पोवाल्यांनी एक कार्यक्रम ठेवला होता, गाड्यांच्या सुरक्षेवर. सदूला बोलायला बोलावलं. मीच घेऊन गेलो टेम्पोतून. वैनीने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो स्टेजवर उभा राहिला, सगळं सांगितलं, नेहमीसारखं. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने विचारलं, ‘सदूभाऊ, एवढी वर्षं तुमी काम केलंत, मग त्याच दिवशी टेप कशी विसरलात ओ?’

सदूने उजवा कान चोळला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, ‘खरं सांगू? मला अजून आठवत नाय. रोज आठवून बघतो. मला आठवतं ते टेप मारल्याचंच. पण आमच्या दिन्यानं डोळ्यांनी बघितलं ना. तो कशाला खोटं बोलंल?’

आणि माझ्याकडे बोट दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या रांगेत होतो, मला नमस्कार करावा लागला.

परतताना तो माझ्या डावीकडे बसला होता. म्हणजे उजवा कान माझ्याकडे. काच खाली, इंजिनाचा आवाज, तो बाहेर बघत होता. आणि मी बोललो. सगळं. निगेटिव्ह, बटण, धरून ठेवलेला अंगठा, खिशातली टेप — रस्त्याकडे बघत, ओठ हलतील न हलतील असं. त्या कानाशी. वर म्हणालो, ‘तू टेप मारली होतीस, सदू. बरोब्बर मारली होतीस.’

त्याला काहीतरी जाणवलं. वळला, अख्खा वळला, डावा कान माझ्या तोंडाशी आणला आणि हाताचा आडोसा धरला.

‘काय म्हणालास रे?’

मी गाडी हळू केली. तो तसाच वाकून थांबला होता.

‘काय नाय,’ मी ओरडून म्हणालो, ‘नागोठणं आलं, म्हटलं.’