पिवळ्याचे बाळंतपण

लंडनच्या पिनर भागात मुलाच्या घरी बसून मी जी पत्रे लिहिली, त्यांपैकी एकच मला, तेही अर्धे, मागे घ्यावे लागले. कचरा वेळेवर न नेल्याबद्दल कौन्सिलला लिहिले, रद्द झालेल्या ट्रेनबद्दल लिहिले, शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल तर सात वेळा लिहिले. पुण्यात वकिलीची सनद घेऊन मी या देशात आलो आणि लीड्सच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षे रेकॉर्ड सांभाळले. अंगात मुरलेल्या कायद्याला बाहेर पडायला जागा हवी होती. ती पत्रांनी दिली. मागे घ्यावे लागलेले पत्र होते घोडामाशांचे.

घोड्याच्या तोंडाचे, उभे पोहणारे हे घोडामासे नातीचे. तिच्या नवव्या वाढदिवशी माझ्या मुलाने तिला ईलिंगमधल्या माशांच्या दुकानात नेऊन जोडी घेऊन दिली. दुकानदाराने पावतीवर जात लिहिली होती आणि पुढे स्पष्ट नोंदवले होते : पिवळा नर, काळी मादी. मी पावती फाइल केली.

नातीचा आणि माझा एक करार होता. दर शनिवारी तासभर फक्त मराठी बोलायचे. तिचा शब्दसंग्रह उत्तम होता. लिंगाच्या बाबतीत मात्र अराजक. ‘माझा वही’, ‘मोठी दरवाजा’, ‘आजी आला’. मी दुरुस्त करीत असे, आणि वाक्य संपण्याची वाट पाहत नसे. एका शनिवारी तिने मला सांगितले, “आजोबा, तुम्ही मला पूर्ण बोलू देत नाही. अजून एकदा पकडलं ना, तर मी मराठी बंद करणार.” नोटीस रीतसर बजावली गेली होती, हे मला आज मान्य केले पाहिजे. तेव्हा मी ती वाचली न वाचल्यासारखी केली; नेमक्या याच वर्तनाबद्दल मी कौन्सिलला वर्षानुवर्षे फैलावर घेत आलो आहे.

पुढच्याच शनिवारी पिवळ्याचे पोट फुगलेले दिसले.

“आजोबा, पिवळ्याला बाळं होणार!”

“पिवळीला.”

“नाही, पिवळ्याला. तो प्रेग्नंट आहे.”

“तो नव्हे, ती. बाळं होणार असतील तर ती. यात मतभेदाला जागा नाही.”

“पण सी-हॉर्समध्ये ना—”

“घोडामाशांमध्ये.”

तिने माझ्याकडे पाहिले. “फाइन, ग्रँडपा,” म्हणाली आणि जिना चढून गेली.

नऊ वर्षे मी आजोबा होतो. त्या दिवसापासून ग्रँडपा झालो. जेवताना “कोशिंबीर वाढू का?” असे विचारले, तर अत्यंत शालीन “नो थँक यू, ग्रँडपा.” शनिवारचा तास आला आणि गेला, ती त्या वेळात टीव्ही पाहत बसली. इतक्या सभ्यतेने मला आजवर कोणी घराबाहेर काढले नव्हते.

संताप कुणावर तरी काढणे भाग होते. दुकानदाराने मादीला नर म्हटले, म्हणून पोरीची भाषा बिघडली, असा माझा युक्तिवाद तयार झाला. विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, असे या देशाचा कायदा सांगतो. शिवाय, जो लिंगात चुकतो तो जातीतही चुकत असणार. लायब्ररीतून सचित्र पुस्तक आणले, करारातला बारीक मजकूर वाचण्याचे माझे भिंग काढले आणि पिवळ्याच्या शेपटीवरची वलये मोजायला बसलो. वीस झाली की तो शेपूट सोडवून शेवाळामागे जाई. साक्षीदार फितूर होणे मी ऐकून होतो. पोहत निघून जाणारा प्रथमच पाहिला. तोंडाची लांबी मात्र पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहता आली. जात खरोखरच चुकली होती! मी चार पानांचे पत्र धाडले.

पाचव्या दिवशी पोस्टकार्डावर उत्तर आले. जातीबद्दल साहेबांचे म्हणणे बरोबर. लेबल चुकले, क्षमा असावी. लिंगाबद्दल मात्र असे की, घोडामाशांत मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते आणि पुढे तोच बाळंत होतो. पिशवी दिसली की तो नर समजावा. ‘आपल्या नातीने हे आम्हाला खरेदीच्या दिवशीच समजावून सांगितले होते.’

पत्नीने ते कार्ड माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचले.

“अहो, म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. तुम्ही तिला बोलू दिलंत?”

“प्रश्न व्याकरणाचा होता.”

“व्याकरणाचा! आमच्या वेळी अशी सोय असती ना, तर दुसऱ्या खेपेला तुम्हालाच लेबर वॉर्डात पाठवलं असतं. भिंगासकट.”

त्या संध्याकाळी मी दोन पत्रे लिहिली. दुकानदाराला तीन ओळी : मुद्दा क्रमांक एक (जात) कायम, मुद्दा क्रमांक दोन (लिंग) मागे. नातीला मोठ्या अक्षरांत एक पान. ‘विषय : “पिवळीला” ही दुरुस्ती मागे घेण्याबाबत. “तो प्रेग्नंट आहे” हे आपले वाक्य वस्तुस्थितीला आणि व्याकरणाला धरून होते. खाली सही करणाऱ्याने त्यापुढचे वाक्य अर्ध्यात तोडले, याचा त्याला खेद आहे. यापुढे तो वाक्य संपेपर्यंत थांबेल.’ सही करून कागद तिच्या दाराखालून आत सरकवला.

तीन दिवस उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवण्याची माझी सवय घरात सर्वांना माहीत आहे. मी पाठवले नाही.

शनिवारी सकाळी मी दाढी करीत असताना खालून आरोळी आली.

“आजोबा! लवकर या! तो बाळंत झाली!”

मी साबणाच्या फेसासह धावलो. पिवळा पुढे वाकत होता, आणि प्रत्येक वाकण्यासरशी दोऱ्याच्या तुकड्यांएवढे घोडामासे पाण्यात फेकले जात होते. उभेच्या उभे, तोंडासकट तयार. काळी मादी एका काडीला शेपूट गुंडाळून दुसरीकडे पाहत होती.

‘तो बाळंत झाली.’ कर्ता पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. दुरुस्ती माझ्या दातांपर्यंत आली. मग विचार केला : ‘बाळंत झाला’ असे मी तरी आजवर कोणाच्या तोंडून ऐकले होते? मी ओठ मिटले. साबण आत गेला.

“किती झाली?” मी विचारले.

“मोजते ना, आजोबा. मध्ये बोलू नका.” तिने काचेवरून डोळे न हलवता हात मागे केला. “आणि तुमचा भिंग द्या.”

मी भिंग दिले.