मुळगावच्या यानातले कायमचे आणि पाहुणे

लग्नाआधी काही वर्षं मी अंतराळयान चालवत असे. हे मी कुणालाही सांगते आणि सांगताना हसत नाही, कारण ते मी फार चांगलं चालवत असे. गोव्यातल्या आमच्या मुळगावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, देवळासमोरच्या मांडवात आमचं यान उडायचं. नाटक संपेपर्यंत ते हवेत ठेवणं माझ्याकडे होतं.

याची सुरुवात टीव्हीवरून झाली. आमच्या वाड्यावर तेव्हा टीव्ही एकाच घरी होता, दवाखान्याच्या डॉक्टरांकडे. रविवारी सकाळी त्यावर एक जुनी परदेशी मालिका लागायची. एक यान, त्यातली चार-पाच माणसं, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. ती बघायला हायस्कुलात विज्ञान शिकवणारे आमचे मास्तर न चुकता यायचे. मी म्हापशाला कॉलेजात होते, मीही जायची. मालिकेतली माणसं इंग्रजी भराभर बोलायची. अर्धं मास्तरांना कळायचं, अर्धं मला, आणि दोघं मिळून आम्ही डॉक्टरांच्या आईला गोष्ट सांगायचो.

मला गोष्टीपेक्षा नट आवडायचे. कायमचे लोक त्याच खुर्च्यांत बसायचे, तेच हावभाव करायचे. ते ओळखीचे झाले होते, शेजाऱ्यांसारखे. पाहुणा नट मात्र एका भागापुरता यायचा आणि सगळं उधळून जायचा. एकदा एक म्हातारा आला होता, उजाड ग्रहावर एकटा उरलेला. तो रोज मेजावर सहा जणांची ताटं मांडायचा आणि रिकाम्या खुर्च्यांशी बोलायचा. पुढे बऱ्याच आठवड्यांनी एक क्रूर सेनापती आला, दाढी काढलेला, चेहऱ्यावर रुपेरी रंग. मी म्हटलं, "मास्तर, हा तोच ताटं मांडणारा म्हातारा."

"काहीतरीच! हा वेगळाच माणूस आहे."

"मान बघा त्याची. ऐकताना डावीकडे कलते."

मास्तर पुढे सरकून बघत राहिले. भाग संपल्यावर नावांची पट्टी सरकली, ती त्यांनी डोळे बारीक करून वाचली आणि उठता उठता म्हणाले, "आपण हे करायचं. जत्रेत. पाच माणसं कायमची आणि दरवर्षी एक पाहुणा. यान तू चालवायचंस."

घरी वडिलांनी एवढंच विचारलं, "मांडवात बायकांची कामं पुरुष करतात ना?" मास्तर म्हणाले, "लुगडं नेसलेला बाप्या यान चालवताना बरा दिसत नाही हो." विषय तिथेच मिटला.

आमच्या यानाला साहित्य गावाजवळच्या लोहखनिजाच्या खाणीवरून मिळालं. भंगारातल्या ट्रकचा डॅशबोर्ड, दोन हेडलाइट, खाणकामगारांची हेल्मेटं आणि गमबूट. मंगळावरचा प्रवेश असायचा तेव्हा रस्त्यावरची लाल धूळ टोपलीभर आणून पसरली की झालं. कापडाच्या दुकानाचे मालक कॅप्टन झाले, कारण त्यांचा आवाज मोठा होता. त्यांचा जिवलग मित्र बँकेत होता, तो इंजिनियर. शिवाय यानावरचा एक डॉक्टर आणि एक शास्त्रज्ञ. पुढे गावातले लोक दुकानातही "कॅप्टन, दोन मीटर पांढरं द्या" असंच म्हणू लागले.

पाहुणे एकेक भारी येऊन गेले. पहिल्या वर्षी पोस्टमास्तर, मरणाऱ्या ग्रहाचा शेवटचा माणूस. ते इतके खरे रडले की त्यांची बायको मांडवात उठून उभी राहिली. एका वर्षी बसचा कंडक्टर यंत्रमानव झाला. वाक्य विसरला, तेव्हा त्याने सवयीने "फुडें चला, फुडें चला" म्हटलं आणि आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने पुढे सरकलो. टाळ्या त्याला. आम्ही कायमचे लोक टाळ्यांसाठी नव्हतोच. पाहुणा कोसळला तर त्याला धरायचं, तो उडाला तर वाट द्यायची, हे आमचं काम. मला ते पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मग भाषेचा वाद आला. गोवा घटक राज्य होण्याच्या आगेमागे आमच्याकडे घराघरांत तो पेटला होता. राजभाषा मराठी की कोंकणी. कॅप्टन कट्टर मराठीवाले. त्यांच्या दुकानात सभेची पत्रकं असायची. इंजिनियर तितकाच कोंकणीवाला. दोघांच्या घरांची जनेलं, म्हणजे खिडक्या, समोरासमोर, पाववाला पोदेर आला की दोघे एकाच वेळी पाव घ्यायला बाहेर यायचे. त्या वर्षी इंजिनियर तालमीला आला आणि म्हणाला, "या वर्षी आपलं यान कोंकणीत बोलू दे."

कॅप्टन म्हणाले, "या मांडवात आजवर मराठी नाटकच झालंय."

"घरात तू कोणत्या भाषेत बोलतोस?"

"घर वेगळं, मांडव वेगळा."

आवाज चढले. कोणीतरी कुणाच्या वडिलांचा उल्लेख केला आणि इंजिनियर गमबूट काढून ठेवून निघून गेला. त्यानंतर पावाला एक जण आधी यायचा आणि दुसरा तो आत गेल्यावर.

मास्तरांनी इंजिनियरची भूमिका कापली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यात पाहुणाही मिळेना. तेव्हा मीच त्यांना आमच्या शेजारच्या काकांचं नाव सुचवलं. काका कुडाळकडचे, खाणीवर ट्रक चालवायला आलेले, आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचे. ट्रक चालवण्याआधी ते दशावतारी कंपनीत राजाचं काम करत. सकाळी ट्रक धुताना ते असं काही बोलत की जणू समोर दरबार भरलाय.

मास्तरांनी त्यांच्या हातात संवादांचे कागद दिले. काकांनी ते न बघताच परत केले.

"कागद माका नको. गोष्ट सांगा मास्तरांनू, बोलणा मी बघतंय."

"अहो, पण बाकीच्यांची वाक्यं ठरलेली आहेत."

"मगे त्येंका ती बोलांदेत."

मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे यान पाडणार."

मी म्हटलं, "पाडू द्या. मी धरते. तुम्ही निश्चिंत राहा." मला खरंच भीती वाटत नव्हती. रोज सकाळी मी त्यांना ऐकत होते. त्यांच्या बोलण्यात प्रश्न कुठे येतो आणि उत्तरासाठी ते कुठे थांबतात, हे मला माहीत झालं होतं.

गोष्ट अशी होती की आमचं यान एका ग्रहावर उतरतं, तिथला राजा आम्हांला कैद करतो आणि शेवटी विषारी वायूने मरतो. राजासाठी पत्र्याचा पोशाख बनवला होता. काका आले ते किरीट घालून, भुजांवर चमचमते अलंकार, गालांवर लाली, कमरेला लाकडी तलवार. कुठे काय वाजवायचं हे पेटी वाजवणाऱ्यालाही त्यांनी परस्पर सांगून ठेवलं होतं. ते पाय आपटत असे आले की पुढच्या रांगेतली मुलं मागे सरकली.

"कोण रे तुमी? खयसून ईलास?"

राजा परक्या ग्रहाचा आणि बोली मालवणी. लोक हसले, आणि मग हसायचे थांबले, कारण काका हसवत नव्हते. कॅप्टननी पाठ केलेलं शुद्ध मराठी वाक्य म्हटलं, "हे महाराज, आम्ही पृथ्वीवरून मैत्रीचा संदेश घेऊन आलो आहोत."

काका यानाभोवती फिरले. डॅशबोर्डवर हात फिरवला, ट्रकचाच तो, त्यांच्या ओळखीचा. मग तलवारीने इंजिनियरची रिकामी खुर्ची दाखवली. ती काढायची राहून गेली होती.

"हय कोण बसता?"

कॅप्टननी विंगेकडे बघितलं. त्यांच्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं.

"यंत्र बघणारो खंय आसा? तो नाय तर ह्या यान चलता कसा? बाय, तू सांग."

काका थांबले. ती उत्तराची जागा होती. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "महाराज, आमचा इंजिनियर रुसला आहे. तो खाली बसलाय, तुमच्या प्रजेत."

मांडवात इतका हशा झाला की पेटीवाल्यानेही सूर सोडला. इंजिनियर खरोखरच तिसऱ्या-चौथ्या रांगेत बायकोशेजारी बसला होता. सगळ्यांनी माना वळवल्या. तो हसत नव्हता. मला एक क्षण वाटलं, आता हा उठून घरी जाणार. पण मी नजर काढून घेतली नाही.

काका शांतपणे कॅप्टनकडे वळले. "राजाचो हुकूम आसा. तेका बोलव. बोलवलंस तर सुटलंस, नायतर हयच कैद."

विंगेतून मास्तर हातवारे करत होते, वायू, वायू! कोणी बघितलं नाही. कॅप्टन मंचाच्या कडेपर्यंत गेले. हेल्मेट काढून काखेत धरलं. आणि तो माणूस, ज्याने मांडवात कोंकणी येऊ देणार नाही म्हटलं होतं, घरातल्या आवाजात म्हणाला, "यो रे. यान बंद पडलां. तुजे बगर चलना."

इंजिनियर बसूनच राहिला. मग त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. तो उठला, लोकांनी पाय आखडून वाट दिली, आणि तो साध्या शर्टात, चपला खाली काढून वर चढला. खुर्चीत बसला. डॅशबोर्ड बघितला.

"पयलीं सांग, कोणें मोडलें तें?"

"आपण दोघांनी," कॅप्टन मराठीत म्हणाले.

पुढचा सगळा प्रवेश तसाच झाला. एक कोंकणीत, एक मराठीत, राजा मालवणीत आणि मी ज्याला जसं उत्तर लागेल तसं. कुणाचं काही अडलं नाही. विषारी वायूची वेळ आली तेव्हा मास्तरांनी धुपाचा धूर सोडला. काकांनी तो हाताने बाजूला सारला आणि विंगेकडे बघून ठणकावलं, "मी काय मरूचंय नाय!" मग एक पद म्हणून, आम्हांला आशीर्वाद देऊन ते चालते झाले. मी यान उडवलं.

यानंतर दोघांचं भाषेवर एकमत झालं असं मुळीच नाही. कॅप्टन सभांना जात राहिले, इंजिनियर त्याच्या सभांना. दुकानाच्या पायरीवर दोघे तासन्‌तास भांडायचे. पण एकाच पायरीवर बसून. पुढच्या वर्षीच्या तालमीला इंजिनियर सगळ्यांच्या आधी हजर होता आणि मास्तरांनी त्याची वाक्यं कोंकणीतच लिहिली होती. मांडवातल्या काही जुन्या लोकांनी कुरकुर केली, मग तीही थांबली.

काका राजा झाले त्या वर्षीच्या पावसाळ्यात खाण बंद झाल्यावर गावी गेले ते परत आले नाहीत. त्यांना पुन्हा कंपनीत राजाचं काम मिळालं होतं, असं त्यांच्या गावच्या दुसऱ्या ड्रायव्हरने सांगितलं. मला आनंद झाला.

माझं लग्न मांद्र्याला झालं. तिथल्या नाटकमंडळींनी पहिल्याच वर्षी मला एका नाटकात छोटं काम दिलं. पाहुण्याचंच काम ते: एक प्रवेश, एक मोठं भाषण, आणि मरण. टाळ्या भरपूर पडल्या. सासूबाई घरी येताना म्हणाल्या, "छान केलंस गो. सगळी तुझाच बोलत होती."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मला मोठं काम पाहिजे, आई. पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंतचं."

"इतका वेळ उभं राहून दमशील."

"नाही दमणार," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना तसं सांगून आले.