शेजारच्या दारातली गरम हवा

आई पॅरालिसिसने अंथरुणाला खिळली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पोर्टेबल एसी घेतला. लालबागची आमची चाळ जुनी. बाहेरच्या भिंतीवर काहीही टांगायला कमिटीची मनाई. म्हणून हा चाकांवरचा एसी आईच्या खाटेशी ठेवला आणि गरम हवा बाहेर टाकणारा त्याचा जाड पाइप खिडकीतून कॉमन गॅलरीत सोडला. दुसरी जागाच नव्हती. आई दुपारची शांत झोपू लागली.

ऐन मे महिन्यात एसी बिघडला. थोडा वेळ चालायचा, घरघरायचा, बंद पडायचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला की ‘माणूस येईल’ एवढंच उत्तर. आईच्या पाठीवर घामोळं उठलं, चिघळलं. ऑफिसला दांड्या मारून मी तिला ओल्या फडक्याने पुसत बसायचे.

शेवटी माणूस आला. त्याने फिल्टर धुतले, साचलेलं पाणी काढलं, आतली जाळी ब्रशने साफ केली. तरी मशीन पुन्हा बंद पडलं. मग तो गॅलरीत गेला, पाइपच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि काहीतरी ओढू लागला. जुन्या चादरीचा मोठा तुकडा निघाला, निळ्या चौकड्यांचा.

“मशीन चांगलंय, ताई,” तो म्हणाला. “गरम हवा आतच कोंडत होती. कुणीतरी मुद्दाम बोळा घातलाय.”

त्याच चादरीचा दुसरा तुकडा शेजारच्या काकूंच्या उंबऱ्यापाशी पायपुसणं म्हणून पडला होता. काकू रोज संध्याकाळी आईशी बोलत बसायच्या. एसी बंद पडायला लागल्यावरही येत होत्या. पदराने वारा घालत म्हणायच्या, “किती उकडतंय ना गं तुला!”

मी तो तुकडा त्यांच्यापुढे धरला. “काकू, हे तुम्ही घातलंत?”

“घातलं. माझ्या दारात भट्टी लागलीय, ह्यांना दमा आहे, दोनदा सांगितलं तुला. म्हणालीस, बघते. काय बघितलंस?”

“म्हणून माझ्या आईला शिजवायचं? वर तिच्याच उशाशी बसून तिची कीव करायची?”

“आवाज खाली कर,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मेकॅनिक मान खाली घालून पाइप बसवत होता. पाइप लांब करून स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेता येईल का, मी विचारलं. “नाही. पाइप लांबला की गारवा येत नाही,” म्हणाला आणि कामाच्या कागदावर माझी सही घेऊन गेला.

आईने सगळं ऐकलं होतं. मी एसी लावला, तशी तिने चांगला हात हलवला. “बंद कर,” ती जड जिभेने म्हणाली. “दार उघड. ती येईल.”

काकू आल्या नाहीत. आई घामाने भिजत उघड्या दाराकडे बघत राहायची. पाण्याची बादली घेऊन काकू दारावरून जायच्या, पण मान वळवायच्या नाहीत. असं बरेच दिवस चाललं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणावर जास्त चिडले होते, काकूंवर की त्यांची वाट बघणाऱ्या आईवर, मला अजून सांगता येत नाही.

एका दुपारी तिला न विचारता मी दार लावलं आणि एसी सुरू केला. खोली भराभर गार झाली. आईने भिंतीकडे तोंड केलं.