आज काय गळलं?

पडक्या घरात राहायला गेलं की किस्से शोधावे लागत नाहीत. ते भिंतीतल्या ओलीसारखे आपसूक वाढत जातात. ऑफिसात मी डबा उघडला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, आज काय गळलं?" मी सांगतो, सगळे हसतात. मीही हसतो. घरी गेल्यावर मात्र तेवढं हसू येत नाही.

झालं असं, की वर्ध्याला बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बाबा चाळीस वर्षं गवंडी, आणि एक मिनिट गप्प न बसणारा माणूस! डॉक्टर म्हणाले, "सहा महिने रोज व्यायाम आणि बोलण्याची थेरपी झाली तर बोलतील. खंड पडला तर काही सांगता येत नाही." म्हणून आई-बाबा घराला कुलूप लावून माझ्याकडे पुण्याला आले. थेरपीचं सेंटर बिबवेवाडीत, म्हणजे घर तिथंच हवं. बाबांना जिने चढवत नाहीत, म्हणजे पहिल्या मजल्याच्या वर नको. आमच्या बजेटमध्ये असं एकच घर रिकामं होतं. ते का रिकामं होतं, हे राहायला गेल्यावर कळलं.

*

घरमालक लेले काका हे निवृत्त शिक्षक, राहणार नारायण पेठ. ते घर दाखवायला आले तेव्हा बेडरूमच्या भिंतीवर दाराएवढा काळपट डाग होता.

"काका, ही ओल आहे का?"

"हो. पण जुनी आहे."

"म्हणजे?"

"अहो, भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात. ती कायम असते."

मग त्यांनी करारातलं एक कलम मला मोठ्यांदा वाचून दाखवलं. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही! मला वाटलं, काय खडूस म्हातारा आहे.

*

पंधरा दिवसांनी मी तीच लेखी परवानगी काढली. पलंगावरून उठताना बाबांना धरायला एक दोरी बांधायची होती. हातोडी मी उभ्या जन्मात धरली नव्हती. पहिल्याच ठोक्याला ताटाएवढा गिलावा खाली आला. दुसऱ्याला त्याच्या मागची वीट हलली!

बाबा पलंगावरून बघत होते. ज्या माणसानं आख्ख्या गल्लीतली घरं बांधली, त्याच्या पोराला एक खिळा ठोकता येत नाही! त्यांना मला शिव्या द्यायच्या होत्या, अगदी दिसत होतं. ओठ हलले, आवाज काही फुटला नाही.

लहानपणापासून मी त्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवशी एखादी तरी मिळावी म्हणून मी हातोडी घेऊन तसाच उभा राहिलो.

*

संडास देशी होता आणि बाबांना खाली बसता येत नव्हतं. कमोड बसवून द्या म्हणून मी लेले काकांना फोन केला.

"आमचे वडील नव्वदीतसुद्धा तिथंच बसत होते," काका म्हणाले.

"काका, बाबांची एक बाजू पूर्ण गेलीय हो."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी चिडून आईला म्हणालो, या माणसात माणुसकी नावाची चीज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका रिक्षातून आले. सोबत मधे भोक असलेली, हातवाली एक खुर्ची होती. ती देशी संडासावर ठेवता येते. पहिला मजला चढून त्यांना चांगलाच दम लागला होता.

"आमच्या सौभाग्यवतींची आहे. मागचा डावा पाय घसरतो, खाली रबर लावून घ्या."

"काकूंना लागणार नाही का?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नाही," काका म्हणाले आणि पाणीही न घेता जिना उतरले.

*

प्लंबर दत्ताभाऊ. यांची एक पद्धत होती. आल्या आल्या आधीच्या प्लंबरच्या नावानं खडे फोडायचे, त्याशिवाय पान्हा हातात घ्यायचा नाही.

"कुणी केलंय हो हे काम? नळ बसवलाय का गंमत केलीय? असल्यांना फटकावलं पाहिजे!"

लेले काका शेजारीच उभे होते. "फटकवा," ते शांतपणे म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी तुम्हीच बसवलाय."

दत्ताभाऊंनी नळ एकदा हलवून पाहिला. "तरीच म्हटलं, मजबूत आहे!"

त्यांनी स्वयंपाकघरातला नळ बंद केला की बाथरूममधला गळायचा. बाथरूममधला बंद केला की भिंत गळायची. मी वैतागलो तर म्हणाले, "साहेब, पाणी आहे. कुठूनतरी जाणारच ना ते?"

*

थेरपीवाल्या मॅडमनी आईला सांगितलं होतं, घरातली एकेक वस्तू दाखवायची आणि नाव म्हणून घ्यायचं. आईचा वर्ग सकाळीच भरायचा.

"हे काय हाय जी? नळ. म्हना, नळ." नळ कोरडा.

"हे काय हाय? दिवा." दिवा बंद.

"हे दार." दार फुगलेलं, लागतच नव्हतं. बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. चार महिने झाले होते आणि एक शब्द नव्हता. आईचा धीर सुटला.

"नाई बोलाचं तं नका बोलू बाप्पा! निदान ढकला तरी!"

बाबांनी डावा खांदा लावला. आम्हाला दोघांना मिळून न लागलेलं दार धाडकन लागलं. मग ते उघडेना! त्या दिवशी आम्ही तिघं थेरपीला गेलो नाही.

*

आणि मग खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या देवघरावर पाणी टपकायला लागलं. लेले काका आले. "आठवड्यात गळती सापडली नाही तर सगळं बाथरूम फोडावं लागेल. महिनाभर तुम्हाला दुसरीकडे राहावं लागेल."

"काका, थेरपीत महिन्याचा खंड पडला तर बाबा कदाचित कधीच बोलणार नाहीत."

"मला कळतं हो. पाण्याला कळत नाही."

रविवारी दत्ताभाऊ छिन्नी घेऊन आले. दोन ठिकाणी फोडलं, दोन्ही कोरडी. बाबांनी मला खुणेनं खुर्ची आणायला लावली. बाथरूममध्ये बसले आणि डाव्या हाताच्या बोटानं भिंतीवरची एकेक फरशी वाजवून बघू लागले. दाराजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबले. परत वाजवलं.

"बाबा, तिथून लाइनच जात नाही," दत्ताभाऊ म्हणाले. "मीच टाकलीय की!"

बाबांनी परत तिथंच वाजवलं.

"फोड ना भाऊ," आई म्हणाली. "ते सांगून राह्यले ना!"

फोडलं. आत बंद न केलेला जुना पाइप होता, एल्बोला म्हणजे वळणावरच्या जोडाला केसाएवढी चीर आणि तिच्यातून झिरपणारं पाणी. दत्ताभाऊंनी जीभ चावली. कुणाच्याही नावानं खडे फोडले नाहीत.

दुपारपर्यंत पाइप बदलून झाला. दत्ताभाऊ सिमेंट कालवू लागले तेव्हा बाबांनी हात पुढे केला. दत्ताभाऊंनी मुकाट्यानं थापी दिली. डाव्या हातानं मारलेलं सिमेंट दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा चिकटलं. मग अर्धा तास ते ती वीतभर जागा घोटत बसले. लेले काका दारात उभे राहून बघत होते.

बाबांनी थापी बादलीत ठेवली. हात धुतला, पायजम्याला पुसला. भिंतीकडे एकदा पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि सावकाश पण स्वच्छ म्हणाले,

"चाल. घरी जाऊ."

वर्ध्याच्या घराला कुलूप होतं आणि थेरपी अजून बाकी होती. आई रडली नाही, हसलीही नाही. तिनं त्यांच्या चपला आणून पायात सरकवल्या. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरलं आणि एकेक पायरी करत खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत गेलो, वळलो आणि एकेक पायरी करत परत वर आलो. दारापाशी आई म्हणाली,

"आलं जी घर."

बाबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत आले.